भारतमाता जरा उजळ करा

माझ्या हातात ब्रश आला तेव्हापासून एकच वाक्य मी ऐकत आलेय. "जरा उजळ करा, बाई." लग्नघराच्या भिंतीवर नवरी काढा, उजळ करा. वारलेल्या सासऱ्याचा चेहरा फोटोवरून मोठा करून द्या, उजळ करा. अहो, तो माणूस जिवंतपणी तव्यासारखा होता, अख्खा गाव साक्षीला आहे, आता वर गेल्यावर त्याला उजळून काय मिळणार? पण नाही. देवी उजळ, शेतकरी उजळ. आसनगावच्या एकाने तर मला त्याचा बैल उजळ करायला सांगितला होता. बैल बिचारा काही बोलला नाही, एवढंच.

दिवाळी अंकाच्या ताई म्हणाल्या, तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा. मी म्हटलं, मला लिहिता कुठं येतं? माझी शाळा चौथीपर्यंत, आणि आमच्या घरात अक्षरं काढायचं काम ह्यांचं होतं. ताई म्हणाल्या, मग बोलता तसं लिहा. तर बोलतेच. चिडून बोलले तर समजून घ्या. या विषयावर मला थंडपणे बोलताच येत नाही.

आमचे हे शहापूरच्या बाजारातले पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकची मागची बाजू, निवडणुकीच्या भिंती. पेंटरची दोरी तुम्ही पाहिली आहे का? सुताची दोरी निळीच्या पाण्यात बुडवायची, दोघांनी दोन टोकं भिंतीवर ताणून धरायची, मधे चिमटीत ओढून सोडायची. फट्! सरळ निळी रेघ उमटते. तिच्यावर अक्षरं उभी करायची. त्या दोरीचं दुसरं टोक धरायला माणूस पाहिजे, म्हणून हे लग्नानंतर मला बरोबर न्यायला लागले. एवढ्यावरून माझा धंदा सुरू झाला. ह्यांची अक्षरं बघत राहावीत अशी. पण माणूस काढायला गेले की संपलं. ह्यांची लक्ष्मी कमळात उभा केलेला हवालदार वाटायची. एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, द्या इकडं ब्रश.

माझं माहेर मुरबाडकडचं. मामाचा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि शाडूची माती. तिथं मी पोरवयात डोळे काढायला शिकले. मूर्तीच्या डोळ्यांची रेघ काढायची, बुबुळ भरायचं, याला आमच्यात आखणी म्हणतात. आखणी सगळ्यात शेवटी. आधी अंग, मग धोतर, दागिने, सगळं पुरं करायचं, आणि मग एकच माणूस बसून डोळे उघडणार. एकदा डोळे उघडले की तोंडाला परत ब्रश लावायचा नाही. रंग चुकला असेल, नाक बसलं असेल, तसंच राहणार. कारण आता ती तुमच्याकडं बघतेय. बघणाऱ्याच्या तोंडावर रंग फासतात का? मामा म्हणायचा, "आखणीच्या आधी हजार नखरे करा रे. नंतर एकबी नाय."

मी हा नियम भिंतीवरच्या माणसांनापण लावला. देव असो नायतर बनियनची जाहिरात, डोळे शेवटी. तोवर तोंड आंधळं ठेवायचं. आणि आमच्या भागातली माणसंही हे मानतात बरं का. मुरबाडच्या रस्त्यावर एका घराच्या भिंतीवर मी चहाच्या पुडीची बाई काढली होती, कप हातात घेतलेली. कंपनी गेली, पुडी गेली. दर दिवाळीला त्या घराला चुना लागतो, पण चुनेवाला त्या बाईच्या तोंडाला वळसा घालून जातो. कप गेला, साडी गेली, नुसतं मुंडकं राहिलंय. घरातली म्हातारी तिला सणाला कुंकू लावते. मी एकदा म्हटलं, "आजी, ती चहावाली हाय." तर म्हणे, "असूदे गो. इतकी वर्सं बघतेय आमाला."

एक ग्रामपंचायतीचा उमेदवार होता. रंगाने चांगला काळा, गालावर देवीचे वण, पण चेहऱ्याला वजन. त्याचं तोंड आणि निशाणी भिंतीवर काढायची होती. आला तोच म्हणाला, "जरा उजळ करा." केला उजळ. आखणी केली, घरी आले. दुसऱ्या दिवशी हा सायकल मारत घरी.

"बाई, घोटाळा झाला. कोण वळखतच नाय. माझा सख्खा चुलता इचारतो, ह्यो कोण पावना उभा रायलाय?"

"मग आता?"

"जरा काळा करा ना. लय नको, वळखण्यापुरता."

मी म्हटलं, आखणी झाली, आता तोंडाला हात लावणार नाही. शेवटी ह्यांनी त्याचं नाव हातभर मोठं करून दिलं. निवडून आला. सत्कारासाठी पुढं त्याने फ्लेक्स छापला, त्यातही उजळच होता. या माणसांचं काय करायचं सांगा!

फ्लेक्स आला आणि आमचा धंदा बसला. ते एक बरं, ह्यांना जास्त बघावं लागलं नाही. हे गेले, मी राहिले. मग शाळांनी मला जगवलं. जिल्हा परिषदेच्या शाळांत भिंती बोलक्या करायचं निघालं. आ आईचा, क कमळाचा, पाढे, प्राणी, नद्या. शहापूर-मुरबाडच्या किती शाळांच्या भिंतींवर माझे वाघ आहेत. आणि प्रत्येक शाळेत एक तरी भारतमाता. गिऱ्हाईक सांगेल तशी काढत आले. गोरी, गुलाबी गालांची, मुकुट घातलेली. आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती गोष्ट.

खर्डी स्टेशनला उतरून आत गेलं की एक गाव आहे, नाव नको. भातशेती करणारं गाव, आणि टेकडीच्या अंगाला कातकऱ्यांची वाडी. शाळा दोन्हींची मिळून एक. कुठल्याशा कंपनीने शाळेला नवी इमारत बांधून दिली. मैदानाकडची भिंत कोरी, चांगली उंच. तिच्यावर भारतमाता काढायची आणि झेंडावंदनाला कंपनीच्या साहेबांच्या हस्ते तिला हार घालायचा, गावातल्या बायका ओवाळणार, असं ठरलं. काम मला मिळालं.

साहेबांनी मोबाईलवर चित्र पाठवलं. ठाण्याचे साहेब, वयाने तरुण, बोलायला गोड. म्हणाले, "मॅडम, अगदी अशीच पाहिजे."

मी चित्र मोठं करून बघितलं. साडी केशरी, मागे सिंह, मागे नकाशा, सगळं ठीक. बाई साबणातून आत्ता काढल्यासारखी. झेंडा धरलेला हात बघितला. परत बघितला. मग शाळेच्या गुरुजींना हाक मारली.

"गुरुजी, ही बोटं मोजा."

गुरुजींनी चष्मा वर केला. "सहा."

साहेबांना फोन लावला. ते हसले. "अहो, ते कॉम्प्युटरने काढलंय ना, एआयने. होतं कधीकधी. तुम्ही अॅडजस्ट करा."

अॅडजस्ट करा म्हणजे काय करा? मी काही चित्रकलेच्या कॉलेजात गेलेली नाही. डोळ्यांनी बघितलं तर मला काढता येतं, मनाने काढायला गेले की हात खांद्यातून न निघता कानातून निघतो. वर उचललेला हात, त्यात काठी धरलेली, काखेतून कसा वळतो, दंड कुठं फुगतो, हे बघायला कोणीतरी उभं राहायला पाहिजे होतं.

बारकी दिसली. बारकी शाळेची खिचडी शिजवते. वाडीवरची कातकरीण, नावाने बारकी पण अंगाने उंच, सरळ, कपाळावर आणि हनुवटीवर हिरवं गोंदण. मी म्हटलं, "बारके, जरा तो डाव घेऊन इथं उभी राहा. डाव वर धर. झेंडा हाय समज."

"मंग खिचडी करपंल ती?"

"करपत नाय. पोरी बघतील."

उभी राहिली. मी परांचीवर, ती खाली, हातात खिचडीचा डाव. थोड्या वेळाने सुरू झालं, "मावशे, हात भरून आला गो. तुझ्या भारतमातेला कवा बसवत नाय का कोण?" मी हसले की रेघ हलायची. मधल्या सुट्टीत पोरं जमली. सगळी पोरंपण मग झेंडावंदनासारखी ताठ उभी, मुद्दाम.

हात असा उतरला की माझा मलाच विश्वास बसेना. काठी घट्ट धरणारी मूठ, मनगटावर काचेच्या बांगड्या, कोपराच्या वर चुलीचा जुना भाजल्याचा डाग. रंगपण तिच्या हाताचाच लागला, कारण समोर तोच होता. आता हात एकीचा आणि तोंड दुसरीचं असं कसं काढणार? खांद्याला जोड दिसली असती, फुटकी बरणी चिकटवल्यासारखी. मी बारकीला म्हटलं, "आता तोंडपण दे." ती म्हणाली, "ने. तसंपण कोण मागत नाय." आणि फिस्कन हसली. रोज येऊन बघायची, नाकाला हात लावून म्हणायची, "नथ जरा मोठी काढ गो, माझ्याकडं नाय तर तिथं तरी असूदे." मी चांगली ठसठशीत नथ काढली.

मी काही चळवळ करायला निघाले नव्हते हो. कामच तिकडं गेलं. पण हेही सांगते, मी काम करत असताना ओसरीवर पोरं चित्रं काढायची. 'माझं घर' काढायला सांगितलं होतं. आई काढली, बाप काढला, आजी काढली. सगळ्या खडूच्या डब्यांतला एकच खडू झिजून नखाएवढा झालेला. तो फिका गुलाबी. पोरं त्याला 'स्किन कलर' म्हणतात. वाडीवरची एक पोरगी स्वतःचा करवंदासारखा हात कागदावर ठेवून, त्या हाताने, गुलाबी आई रंगवत होती. तपकिरी खडूला टोक तसंच होतं. तो म्हणे झाडाला.

ते बघून मी परांचीवर चढले ती मनातून पुरती कडक होऊनच.

साडी झाली, सिंह झाला, नकाशा झाला. तोंड झालं, कपाळावर गोंदणपण आलं. डोळे तेवढे बाकी. झेंडावंदन तोंडावर आलं तसे साहेब गाडी घेऊन बघायला आले. बरोबर शाळेच्या समितीचे अध्यक्ष शांतारामभाऊ, आणि त्यांच्या बाई ताराबाय, त्या बायकांच्या बचत गटाच्या पुढारी. गुरुजी मागे, नेहमीसारखे.

साहेबांनी मोबाईल काढून चित्राशी ताडून बघितलं. मग म्हणाले, "मॅडम, ही आफ्रिकन वाटते."

मी विचारलं, "साहेब, तुम्ही आफ्रिकेला जाऊन आलात?"

"नाही, पण..."

"मग खर्डीला तरी नीट बघा. गाडीतून उतरलात की दिसतात अशा."

शांतारामभाऊ मधे पडले. "बाय, तसा नाय. भारतमाता म्हंजे कशी, जरा तेज पायजे. जरा उजळ करा."

आलं! तेच वाक्य. मी डोक्यावरचा पदर सोडून परत घट्ट बांधला.

"किती उजळ?"

"गव्हाळ करा, गव्हाळ."

"भाऊ, तुमच्या शेतात भात होतो. गहू कधी बघितलाय?"

"अवो बोलायची पद्धत आसते ती!"

गुरुजी म्हणाले, निमगोरी चालेल. साहेब म्हणाले, थोडा ग्लो. त्यांनी सांगावं आणि मी भिंतीच्या कडेला रंग मिसळून एकेक पट्टा ओढून दाखवावा. हा? नाही, थोडा अजून. हा? हा जास्त झाला. दुपारपर्यंत त्या नव्या भिंतीच्या कोपऱ्याला गजकर्ण झाल्यासारखं दिसायला लागलं, आणि एकाचा पट्टा दुसऱ्याला पसंत नाही. गंमत बघा, त्या चौघांत एकजणपण स्वतः त्यातल्या कुठल्या पट्ट्याच्या रंगाचा नव्हता. शांतारामभाऊ तर भिंतीवरच्या बाईपेक्षा काळे. त्यांना उन्हात तिच्या बाजूला उभं केलं असतं तर भाऊ-बहीण दिसले असते.

साहेब म्हणाले, "आणि कपाळावरचं ते हिरवं काढा. ते जरा... ट्रायबल वाटतं. ही सगळ्या देशाची आई आहे."

ताराबाय इतका वेळ चित्रापुढंच उभ्या होत्या. डोळे बारीक करून बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "अगो, ही तर बारकी!"

त्यांनी बोट वर केलं.

"बारकीच हाय ही. खिचडीवाली. हिला आमी ओवाळायची?"

इथं थोडं मागचं सांगायला पाहिजे. बारकीला शाळेत जेवण शिजवायला लावलं तेव्हा गावातली बरीच पोरं घरून डबा आणायला लागली होती. कोणी उघड काही बोललं नाही. पोराला खिचडी बाधते, पोराला डाळ आवडत नाही, असंच. मग हळूहळू पोरांनीच डबे बंद केले, कारण बारकीची खिचडी घरच्या भाजीपेक्षा बरी. आता सगळे खातात. ताराबायचा नातूपण दोनदा वाढून घेतो. पण खाणं वेगळं आणि ताट घेऊन पुढं उभं राहून ओवाळणं वेगळं. ते ताराबायच्या तोंडून निघालं, आणि निघाल्यावर परत आत जाईना.

बारकी स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात उभी होती. तिने ऐकलं. डाव खाली ठेवला आणि आत गेली.

दोन दिवसांनी मी आले तर हापशीवर भेटली. हंडा भरत होती, वर न बघता म्हणाली, "मावशे, पूस ती."

"का?"

"वाडीवर हसतात. गावातल्या बायका हापशीवर मागं होऊन हात जोडतात, या भारतमाते, पयला हंडा तुमचा. पोरगी रडत आली शाळंतून. आन भाऊ काल गुरुजींना सांगत होता, खिचडीला दुसरी बाय बघा म्हनून. चित्रापायी माझी चूल जाईल, मावशे. माझ्याकडं सगळी बघतात ती पुरं हाय, आता रात्रंदिस भितीवरून मीपन त्यांच्याकडं बघत बसू?"

माझं काय, मी शहापूरला निघून जाणार. राहायचं तिला होतं. चित्र माझं, पण मार तिला बसत होता. मी म्हटलं, "बरं. पुसते." आणि मला इतका राग आला, साहेबांचा, भाऊंचा, ताराबायचा, त्या सहा बोटांचा, की काय सांगू. पण पुसते म्हटलं ते म्हटलं. चुन्याची बादली कालवून ठेवली.

तेवढ्यात वर्गात मीटिंग बसली. मला बोलावलं. साहेबांनी फोनवरून तोडगा काढला होता, भाऊंनी तो वाचून दाखवल्यासारखा सांगितला. चित्र चांगलं झालंय, हात चांगला झालाय, नाक, नथ चांगली. तोंड तेच ठेवायचं. फक्त रंग उजळ करायचा आणि गोंदण काढायचं. मग ती बारकी राहणार नाही, कोणाची हरकत नाही. बारकीची नोकरीपण राहील, असं भाऊ मोठ्या मनाने म्हणाले. गुरुजींनी सुटकेचा सुस्कारा सोडला. सगळ्यांना पटलं. आणि खरं सांगते, क्षणभर मलापण वाटलं, जाऊ दे, सुटेल तरी.

बारकी चहा घेऊन आली होती. किटली तिने बाकावर ठेवली.

"म्हंजे तोंड माझाच?"

"हां, तोंड तुझाच," भाऊ म्हणाले, जशी काही भेट देतायत.

"नि कातडी दुसरीची?"

भाऊंनी कप पुढं केला.

"बकरी सोलतात तशी सोलायची म्हना ना मग, भाऊ. हाडं ठेवायची नि कातडा काढायचा." ती ओरडली नाही. चहा ओतायच्याच आवाजात बोलली. "पुसायची तर सगळी पुसा. मीच सांगितला होता मावशेला पुसायला, बादली तयार हाय बाहेर. पन माझ्या तोंडावर दुसरीचा रंग मला नाय चालनार. मंग माझी पोरगी बघंल नि म्हनंल, आय, तू हितं बरी दिसतेस, घरी का नाय दिसत?"

ताराबाय कपात बघत होत्या.

"आन खिचडीवरून काढायची तर काढा. उद्यापासून ताराबाय शिजवतील. दोन चुली हायेत, लाकूड वलं हाय, सांगून ठेवते."

एवढं बोलून ती मला म्हणाली, "मावशे, चल. डोळे कर तिचे. बघूदे मलापन एकदा यांच्याकडं नीट."

मी उठले. गुरुजींकडं बघितलं. ते उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मी कोठीतला तांदूळ बघून येतो. कीड लागलीय म्हणतात." जाता जाता शिडी धरायला सातवीच्या दोन पोरींना सांगून गेले. भल्या माणसाला तेवढंच जमलं, पण जमलं.

आखणीला हात थांबता कामा नये. श्वास धरायचा आणि वरच्या पापणीची रेघ एका ओढीत न्यायची. माझं वय झालंय, रेघ मधेच तुटते. त्या दिवशी तुटली नाही. उजवा डोळा, डावा डोळा, बुबुळ, शेवटी पांढरा ठिपका. तो ठिपका दिला आणि ती उघडली. खालून बारकी बघत होती, वरून ती. दोघींच्या मधे मी शिडीवर, मला उतरायलाच सुचेना.

भाऊ बाहेर आले तेव्हा रंग ओला होता. त्यांनी वर बघितलं आणि नकळत टोपी सारखी केली.

त्यांनी प्रयत्न केला, नाही असं नाही. आटगावचे दोन रंगारी आणले. ती पोरं रोलर घेऊन आली, वर बघितलं, आपसात काही बोलली आणि रोलर परत पिशवीत घातला. म्हणाली, "भाऊ, हिची आखणी झालीय. बघतेय ती. आमच्यानं नाय व्हायाचा." भाऊ चिडले, पण स्वतः रोलर उचलला नाही.

मला वाटलं, जिंकलो. तुम्हालाही वाटलं असेल. थांबा.

झेंडावंदनाच्या सकाळी मी मुद्दाम चांगलं लुगडं नेसून गेले. मैदानात आले आणि भिंतीकडं बघितलं तर भिंतभर फ्लेक्स. माझ्या बाईच्या वरून, चारी कोपऱ्यांना सुतळीने ताणून बांधलेला. त्याच्यावर साबणातून काढलेली ती, केशरी साडी, सिंह, खाली कंपनीचं नाव. आणि झेंडा धरलेल्या हाताला सहा बोटं! तीसुद्धा दुरुस्त केली नव्हती हो! ज्या फ्लेक्सने आमच्या ह्यांचा धंदा खाल्ला तोच येऊन माझ्या चित्रावर बसला, आणि तोही सहा बोटांचा.

साहेबांनी हार घातला. ताराबायनी पाच जणी घेऊन ओवाळलं. पहिलीतली पोरं रांगेत उभी राहून मोठ्याने बोटं मोजत होती, एक, दोन, तीन... सहा म्हटलं की हसत होती. गुरुजी त्यांच्याकडं डोळे वटारत होते आणि स्वतः ओठ दाबून उभे होते. साहेबांनी भाषणात सांगितलं, आपण सगळे एकाच आईची लेकरं. माझ्या शेजारी बारकी उभी होती. ती म्हणाली, "हिची लेकरं म्हनून तर आयची बोटं अशी मोजतायत."

मी तिथून चहा न घेता निघत होते. इतकी चिडले होते की आता ब्रश मोडून टाकते म्हणाले. लोक पांगले, गाडी गेली. तेवढ्यात बारकी गुरुजींकडं गेली.

"गुरुजी, तो कापड आता कामाचा हाय काय?"

"कुठलं? फ्लेक्स? नाही. का?"

"माझी पडवी गळते. न्हेऊ?"

गुरुजींनी भाऊंकडं बघितलं. भाऊंनी हात उडवला, ने बाई, ने. सुतळ्या तिनेच सोडल्या. फ्लेक्स खाली आला आणि वरून माझी बाई बघायला लागली, नथीसकट, गोंदणासकट. बारकीने त्या गोऱ्या बाईची वळकटी केली, डोक्यावर घेतली आणि वाडीची वाट धरली.

आज माझी बाई भिंतीवरच आहे. बारकीची खिचडीची नोकरीही राहिली, ओली लाकडं फुंकायला ताराबाय काही आल्या नाहीत. वर्षभर पोरं तिच्याखाली रांग लावून ताटं धरतात. पण फक्त वर्षभर. झेंडावंदन आलं की साहेब परत नवा फ्लेक्स पाठवतात, परत तो तिच्यावर चढतो, परत ताराबाय ओवाळतात. मी गुरुजींना विचारलं, हा काय खुळेपणा आहे? गुरुजी म्हणाले, "बाई, एका दिवसाचा प्रश्न आहे." मी म्हटलं, तोच तर दिवस आहे ना हो! पण माझं ऐकतो कोण. बोलून बोलून घसा बसला.

यंदा पावसाळ्यात बारकीकडं वाडीवर गेले होते. पडवीवर फ्लेक्स, भिंतीला फ्लेक्स, लाकडांवर फ्लेक्स. जिकडं बघावं तिकडं ती गोरी बाई, कुठं उलटी, कुठं आडवी, अंगावरून पाणी ओघळतंय. आत मात्र कोरडं ठाक. मी तणतणत होते, साहेबांना यंदा खरमरीत फोन करते, सांगते की पुरे झालं हे. बारकीने माझ्यापुढं काळा चहा ठेवला.

"फोन कर गो," ती म्हणाली. "त्यांना सांग, यंदा जरा रुंद छापा. बकऱ्यांच्या खोपीला कमी पडते."